ओटीपी माझ्याच फोनवर येतो, ताई

गेल्या वर्षभरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पुरुष एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. गावाकडे बायकोच्या खात्यात सरकारचे पैसे येतात, त्यानं ती बिघडली असेल का? कोणी म्हणतं आळशी झाली, कोणी म्हणतं उलट बोलायला लागली. तानाजींनी दोन्ही म्हटलं होतं. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळीसच्या आसपास. मस्जिद बंदरला माल चढवायचं-उतरवायचं काम, तेही टोळीत बदलीवर. माथाडी बोर्डात नोंद नाही. राहायला घोडपदेवला गावकीच्या खोलीत, जेवण खानावळीत. घर माण तालुक्यात. रात्र रात्र झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेलं. पहिल्या दोन भेटी झोपेवर आणि डोक्यावरच्या उसनवारीवर गेल्या. तिसऱ्या भेटीत ते बसले आणि खिशातला फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ओटीपी माझ्याच फोनवर येतो, ताई. दोन वेळा आला. मी सांगितला नाही."

लाडक्या बहिणीचे दरमहा १५०० रुपये त्यांच्या पत्नीला, सुरेखाला, ऑगस्ट २०२४ पासून मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनानं ई-केवायसी सक्तीची केली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही पडताळायचा होता. तानाजींच्या आधारला जोडलेला नंबर मुंबईत, त्यांच्या खिशात. सुरेखा सेवा केंद्रात रांगेत उभी राहून फोन करायची आणि हे म्हणायचे, "कामात आहे, नंतर कर." घरी बायकोवर हात उगारणारा हा माणूस नव्हे. स्वतःच्या वागण्यानं तेच चक्रावले होते.

मी विचारलं, नक्की काय बिघडलं?

आईचा फोन येतो, म्हणाले. सून आता रोज कामाला जात नाही. पूर्वी कोणीही हाक मारली की भांगलणीला जायची. आता आठवड्यातले तीन दिवस घरीच. पैशाचा हिशेब सांगत नाही. "फुकटचा पैसा आला की माणूस बसून खातो, ताई."

मी त्यांना एक साधी गोष्ट विचारली. सात-बारा कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या. मग पीएम-किसानचे वर्षाला ६००० त्यांनाच येत असतील? येतात, २०१९ पासून. आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे आणखी ६०००? तेही येतात. "म्हणजे वर्षाला १२ हजार. त्या पैशानं वडील आळशी झाले, असं घरात कधी कोणी म्हणालं?"

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मनीऑर्डरची गोष्ट निघाली. वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर बंदरावर हमालीला लागले. दर महिन्याला मनीऑर्डर करायचे, पण ती आजोबांच्या नावानं. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजायचा. आई दाराआड उभी असायची. शाळेच्या वह्या हव्या असल्या तर ती स्वतः सासऱ्यांशी बोलायची नाही, लहानग्या तानाजीला पुढं करायची, "आबांना म्हणावं, वह्यांना पैसे द्या." आबा कधी द्यायचे, कधी म्हणायचे पुढच्या मनीऑर्डरीला बघू. पैसा तिच्याच नवऱ्याच्या घामाचा, आणि मागायचं तिनं पोराच्या तोंडून. हे सांगताना तानाजींचा आवाज खाली गेला. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्यांच्या संमतीनं मी सुरेखाशी फोनवर बोलले. दोनदा, सावकाश. सव्वा वर्षात आलेल्या पैशातून किराणा दुकानाची जुनी उधारी फिटली होती. थोरल्या मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिला दहिवडीतून चष्मा करून आणला होता. दोन शेळ्या घेतल्या होत्या. "बसून" असलेले ते तीन दिवस ती स्वतःच्या ज्वारीत आणि शेळ्यांमागं असायची. आणि एक वाक्य ती बोलली, ते मी वहीत उतरवून घेतलं: "ताई, आता कुणाची हाक आली तर मी इचारते, रोज किती देणार. आधी इचारतच नव्हते."

भांगलणीला बाया मिळत नाहीत, बाया माजल्या, अशी तक्रार सध्या गावोगाव ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे. ज्या बाईच्या घरात संध्याकाळचं पीठ नाही, ती मिळेल त्या रोजावर जाते. पीठ असलं की ती भाव विचारते. याला आळस म्हणायला मी तयार नाही.

मध्य प्रदेशात २०११ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत प्रयोग केला होता. प्रत्येक मोठ्या माणसाला दरमहा आधी २०० आणि पुढं ३०० रुपये, मुलाला त्याच्या निम्मे, कसलीही अट नाही. तिथंही हेच भय होतं, पैसा दारूत जाईल. दारू वाढल्याचं दिसलं नाही. माणसं दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळली, जनावरं वाढली. हे तानाजींना सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "शेळ्या."

आणखी एक अभ्यास मी या कामात पुन्हा पुन्हा सांगते, कारण तो थेट त्यांच्या झोपेशी जोडलेला आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या साध्या चाचण्या तोडणीआधी आणि तोडणीनंतर घेतल्या गेल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. तीच माणसं, पण हातात पैसा नसताना चाचणीत मागं पडत होती. चणचण डोक्यातली जागा खाते. उधारी फिटल्यावर सुरेखाला जरा मोकळं वाटत होतं. तानाजींना मात्र उधारी फिटल्याचंच ठाऊक नव्हतं. ते घोडपदेवला कूस बदलत रात्री त्याच उधारीची बेरीज मांडत होते. तिनं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की हिशेब मागतील, आणि मग पुढच्या महिन्याचे पैसे इकडून कमी येतील, अशी तिला भीती होती. ती भीती अगदीच खोटी नव्हती. त्यांनी माझ्यापुढं कबूल केलं की ६००० ऐवजी ५००० पाठवावेत असं एकदा मनात येऊन गेलं होतं.

चौथ्या भेटीत त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मग माझी गरज काय राहिली, ताई?" सगळी तळमळ इथं होती. पंधरा वर्षं पाठीवर गोणी वाहून हा माणूस घरातला एकच दर्जा कमावून होता, पैसे पाठवणारा. महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यानं त्यांची जागा जात नाही, हे आकड्यात त्यांना कळत होतं. मनाला कळायला वेळ लागला. मी त्यांना घरी फोन करताना पैशाचा विषय काढायचाच नाही, असा आठवडाभराचा नेम दिला. पहिले दोन फोन मिनिटभरात संपले. बोलायला दुसरं काही सापडेना. तिसऱ्या फोनला त्यांनी शेळीचं विचारलं.

ओटीपी त्यांनी त्याच आठवड्यात सांगितला.

प्रत्येक घरात असंच होतं असं मी म्हणणार नाही. पैसे आले त्या दिवशी नवऱ्यानं एटीएम कार्ड हिसकावून नेलं, अशा बाया माझ्यासमोर बसल्या आहेत. अशा घरात समजुतीच्या गप्पा पुरत नाहीत. कार्ड आणि पिन तिच्याच ताब्यात हवं, बँकेच्या एसएमएसला तिचाच मोबाइल नंबर हवा, आणि मारहाण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन तिला पाठ हवी. आणि डोक्यावर सावकाराचं मोठं कर्ज असेल, तर दीड हजारानं ते फिटणार नाही. तिथं त्या कर्जाबद्दलच बोलावं लागतं.

तानाजी अजून महिन्यातून एकदा येतात. आईची कुरकूर चालूच आहे. झोप सलग चार-पाच तास लागते. परवा सांगत होते, एक शेळी व्याली, दोन करडं झाली. खात्यात किती शिल्लक आहे ते सुरेखा अजूनही सांगत नाही.

"तुम्ही विचारलंत का?"

"नाही विचारलं, ताई. करडांचा फोटो पाठव म्हटलं."