आईला ७१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला, नातेवाईक म्हणतात या वयात ट्रीटमेंट करून हाल करू नका. काय करावं, घरी काळजी कशी घ्यावी?

भाऊ, "या वयात हाल करू नका" हे तुमच्या प्रश्नात वाचलं अन् डोकंच सटकलं माझं, कारण हेच आमच्या ओसरीवर बसून चहा पिता पिता माझे काका बोलले होते. पुण्यातला मोठा भाऊ फोनवर होता, तो पण लगेच, "काका बरोबर म्हणून राहिले, आईला काही सांगू नका, गोळ्या द्या अन् घरीच ठेवा." मी लेक, दिली पण जवळच्याच गावात, सगळं करायचं मलाच होतं पण विचारलं कोणी नाही.

वय पाहून इलाज नाही म्हणायचे दिवस गेले. डॉक्टर दुसरंच पाहतात, स्वतःचं स्वतः उठणं-बसणं होते का, वजन किती उतरलं, मागे पडल्या-बिडल्या का, हार्ट-किडनी कशी, विसरतात किती, बीपी-शुगरच्या गोळ्या किती, घरी करणारं कोण. आमच्या आईला खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला सांगितलं, घड्याळ लावून. तिला कमी ऐकू येते, ती उठली ते सरळ दरवाज्यापर्यंत गेली अन् तिथून ओरडते, "अजून कुठवर जाऊ, यवतमाळले?" आयुष्य कापूस वेचण्यात गेलं तिचं, दोन जिने चढले की माझा भाऊ तिच्या आधी दमतो.

गाठ तिनं वेचणीपासून पोळ्यापर्यंत पदराखाली लपवली होती. दुखत नव्हती म्हणून. मग घरच्यांनी ठरवलं की तिला साधी गाठ आहे असं सांगायचं, अन् घेऊन गेले कुठं तर जिथं बाहेर हातभर अक्षरात कर्करोग विभाग लिहिलेलं आहे. ती चौथी शिकलेली आहे. येताना एसटीत एवढंच म्हणे, "मले वाचता येते बरं." मग मीच सगळं सांगून टाकलं, काय झालं आहे, काय काय करतील, काहीच नाही केलं तर गाठ फुटून तिथं जखम होऊ शकते, वास येतो, ते पण सांगितलं. ऐकून घेतलं अन् विचारलं, "वेचनीच्या आत मोकळी होईन का?" भाऊला रात्री फोन केला की आई ऑपरेशनला हो म्हणते, तर तो माझ्यावरच उखडला, तू तिला सांगितलंच कशाला.

ऑपरेशन झालं. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी काढायची नळी-बाटली लावून घरी पाठवतात, त्यात रोज किती पाणी जमा झालं ते वहीत लिहून ठेवा, डॉक्टर विचारतात. आमची ती बाटली बाजाराच्या पिशवीत घालून पिशवी खांद्याला अडकवून अंगणात फिरायची. आईचा रिपोर्ट हार्मोन पॉझिटिव्ह आला, म्हणजे गाठ अंगातल्या हार्मोनवर वाढणारी, म्हाताऱ्या बायांत बऱ्याचदा तसाच येतो, म्हणून कीमो न देता लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची रोज एक गोळी सुरू केली, ती काही वर्षं घ्यावी लागते. त्या गोळीनं हाडं ठिसूळ होतात, तर कॅल्शियम, व्हिटॅमिन डी चं डॉक्टरला विचारा अन् न्हाणीतली शेवाळ आजच घासून काढा, या वयात खुबा मोडला तर बाई कॅन्सरनं नाही, अंथरुणानं जाते.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जपावा लागतो, जखम झाली की हात सुजू शकतो. अन् वाळलेल्या बोंडाची टोकं कशी लागतात ते तुम्हाला माहीत असेल. मी शेतात जाऊ नको म्हटलं, ऐकते कुठं, मनगटापर्यंत जुना मोजा कापून घातला अन् गेली, फक्त कमरेची कापसाची ओटी जड होऊ देत नव्हती. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम मात्र रोज करायची, खडूनं खूण करून ठेवायची, काल कुठवर गेला होता.

पैशाचं, ॲडमिट व्हायच्या आधीच रेशनकार्ड-आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला भेटा, सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसते का ते तोच सांगतो. ७० च्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळते, ५ लाखांपर्यंत, आईचं आधी काढून घ्या. एसटीत बायांना अर्धंच तिकीट आहे. इलाजासाठी जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर फुकट, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, दवाखान्याचं सर्टिफिकेट लागते.

आता हे पण सांगते, तुमच्या आईचा रिपोर्ट वेगळा असू शकते, कीमो लागू शकते. लागला तर ताप १०० पॉइंट ४ च्या वर गेला की रात्र असो का पाऊस, गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, दवाखाना गाठा, कीमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर ताप जिवावर बेतू शकतो. अन् सगळं समजून-उमजून आईच नाही म्हटल्या तर ते पण ऐकायचं, मग दुखणं कमी करायचा इलाज असतो, मॉर्फिनच्या गोळ्या असतात, त्याला घाबरू नका, फक्त सोबत पोट साफ व्हायचं औषध मागून घ्या. पण नाही म्हणायचा हक्क त्यांचा, नातेवाइकांचा नाही. तुमच्या प्रश्नात नातेवाईक काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणतात ते एका शब्दात पण नाही.

आमचा भाऊ आता लग्नाकार्यात चार लोकांत सांगत असतो, "आम्ही आईचा इलाज केला." ऑपरेशन योजनेत झालं. गाडीभाडं, तपासण्या, नातेवाइकांचं चहापाणी सगळं वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे, अर्धा हिस्सा देतो म्हणाला होता, तो अजून यायचा आहे. दादा, तू इथं वाचतोस हे मला माहीत आहे.