नागपूरचा कोरडा उन्हाळा आणि लहरी पाऊस आठ महिन्यांच्या बाळाला झेपेल का?

झेपतो. इथली पोरं वाढतातच की! पण पुण्याहून बदली होऊन येताय, म्हणून थोडं सांगतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा इतकी कोरडी, की घाम दिसायच्या आत वाळतो. त्यामुळे बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतंय हे पटकन कळत नाही. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठा, शिवाय तहान सांगता येत नाही. म्हणून लंगोटावर लक्ष ठेवा. सहा तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेली, तर थेट डॉक्टरकडे. अंगावरचं दूध मागेल तितकं पाजा, मधूनमधून उकळून गार केलेलं पाणी द्या. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नकोच, आजी काहीही म्हणोत.)

पावसाळ्यात दूषित पाण्याने जुलाब होतात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. ग्लासभर पाण्यात अंदाजाने टाकलं तर मीठ जास्त होतं. सोबत १४ दिवस झिंक, डॉक्टर सांगतील त्या मापाने.

खरा घोळ पावसाने दडी मारली की होतो. उकाडा वाढतो, कूलर परत सुरू होतात आणि टाकीत डेंग्यूचे डास वाढतात. त्यांची अंडी टाकीच्या कोरड्या कडांना महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. दर आठवड्याला टाकी रिकामी करून कडा ब्रशने खरवडून घासा.