जेट विमानाचं किट : जिथे हात अडतो

प्रश्न : एफ-१६ या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं १/४८ किट (खऱ्याच्या ४८व्या भागाएवढं मॉडेल) जोडतो आहे. पोटाखालचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा जाण्याचा बोगदा, डावा-उजवा अशा दोन तुकड्यांत येतो. जोडल्यावर आतला सांधा समोरून सरळ डोळ्यांत भरतो आणि बोट तिथवर पोचत नाही. पुट्टी भरली, तर आत गोळे झाले. हे सुधारता येईल का?

उत्तर : येईल, आणि सुधाराच. एफ-१६ समोरून बघणाऱ्याची नजर आधी त्या उघड्या तोंडातच जाते. कॉकपिटमधली बटणं कुणी मोजत बसत नाही, पण बोगद्यातली उभी रेघ सगळ्यांना दिसते. म्हणून वेळ द्यायचाच तर इथे द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

जाड पुट्टी अशा जागी कामाची नाही. ती आत ढकलता येते, पण घासता येत नाही. आधीचे गोळे खरवडून काढा. सांध्यात पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) ब्रशच्या टोकाने सोडा आणि तुकडे दाबून धरा, म्हणजे विरघळलेलं प्लास्टिक थोडं वर येईल. निदान दोन दिवस त्याला हात लावू नका. सिमेंट आतून सुकायच्या आधी घासलं, तर सांधा नंतर खाली बसतो आणि रेघ परत उमटते. मग गोल काडीला ४०० ग्रिटचा (आकडा मोठा तितका कागद बारीक) पॉलिश पेपर गुंडाळून, पाणी लावून, बोगद्याच्या लांबीच्या दिशेने घासा. उरलेल्या खाचांवर पातळ, ब्रशने लावायची पुट्टी पुरते. साच्याच्या खिळ्यांचे गोल ठसे असतील, तर तेही तिनेच बुजवा.

आता रंग. आत ब्रश फिरवायच्या फंदात पडू नका. पांढरा ॲक्रिलिक रंग दुधासारखा पातळ करा, बोगद्याचं मागचं तोंड टेपने बंद करा आणि रंग सरळ आत ओता. बोगदा सगळ्या बाजूंनी फिरवून रंग परत डबीत काढा. मग तोंड खाली करून टिश्यूवर उभा ठेवा. कडेला थेंब साचतो, तो टिश्यूच्या टोकाने टिपत राहा, नाहीतर तिथे जाड कड तयार होते. एक दिवस सुकू द्या आणि पुन्हा ओता. दोन-तीन थरांत बारीक रेघ आपोआप बुजते. इंजिनाचा पंखा वेगळा रंगवून शेवटी मागून बसवा. अनेक एफ-१६मध्ये बाहेरचा करडा रंग ओठावरून थोडा आत जातो आणि मग पांढरा सुरू होतो. ती सीमा नीट टेप लावून काढलीत, तर इनटेक खरा वाटायला लागतो.

बोगदा रंगवण्याआधी तो धडात कोरडाच बसवून बघा. पुष्कळ किटमध्ये त्याच्या जाडीमुळे धडाचे दोन भाग मिटत नाहीत, आणि ते कळायची वेळ गोंद लावण्याआधीचीच असते.

प्रश्न : एफ-१५च्या कॅनोपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) मधोमध रेघ आहे. पारदर्शक भागाला पॉलिश पेपर लावायचा धीर होत नाही. तशीच ठेवू का?

उत्तर : ठेवू नका. कॅनोपी वर फुगीर आणि बुडाशी अरुंद असते. ती साच्यातून सुटावी म्हणून बाहेरचा साचा दोन भागांत करतात आणि ते जिथे भिडतात तिथे ही रेघ पडते. खऱ्या विमानावर तिथे काहीच नाही.

कॅनोपीच्या आत ब्लू टॅक (मऊ, चिकट, परत काढता येणारा लगदा) भरा, म्हणजे दाबाने ती तडकणार नाही. फ्रेमच्या कडांवर टेप लावा. नवं पातं काचेवर उभं धरा आणि कापायचं नाही, नुसतं खरवडायचं, अगदी हलक्या हाताने. रेघ नखाला लागेनाशी झाली की थांबा. त्यानंतर १५००, २०००, ३००० अशा चढत्या ग्रिटने पाणी लावून घासा आणि दर वेळी दिशा बदला. आधीचे ओरखडे आडवे दिसत असतील तोवर पुढच्या ग्रिटवर जायचं नाही. या टप्प्याला कॅनोपी पूर्ण दुधाळ होते. घाबरून तिथेच सोडून देणारे खूप भेटतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की पुढे चला. प्लास्टिकचं पॉलिश मऊ कापडावर घेऊन चोळलं, की काच परत उघडते. उजेडासमोर धरून खात्री करा. मग पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये बुडवून, जास्तीचं टिपून, धूळ बसू नये म्हणून रात्रभर वाटीखाली झाकून ठेवा.

चिकटवताना सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. पांढरा पीव्हीए गोंद पुरेसा आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. माझं १/७२चं मिग-२१ शेपटीवर बसतं. नाकात तर इनटेक आहे, मग वजन कुठे ठेवू?

उत्तर : मित्रा, नाकातल्या शंकूच्या आत जागा असते, तिथून सुरुवात कर. उरलेलं वजन कॉकपिटच्या तळाखाली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसव. वजन मागच्या चाकांच्या जितकं पुढे, तितकं कमी लागतं. धड मिटवण्याआधी सगळे भाग टेपने जोड आणि मुख्य चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना बोटांवर तोलून बघ. नाक स्पष्ट खाली गेलं पाहिजे. रंग आणि शेपटीकडचे छोटे भाग नंतर येणार आहेत, म्हणून थोडं जास्तच घाल. शिसं वापरणार असशील तर ते पीव्हीए गोंदाने चिकटवू नकोस. त्या गोंदामुळे शिसं गंजून फुगतं आणि काही काळाने धडच फाटतं. इपॉक्सी गोंद वापर, आणि शिसं हाताळल्यावर हात धू.

प्रश्न : एफ-४ फँटमच्या पंखाच्या मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. टेपने पंख वर ओढून चिकटवू का?

उत्तर : ही युक्ती इतर विमानांवर चालते, एफ-४वर नाही. फँटमच्या पंखाचा आतला भाग सपाट असतो, फक्त बाहेरची टोकं १२ अंश वर वळतात. पंख ओढलात तर आकारच बिघडेल. पण फट सोडूही नका. १/७२मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर, हात जाईल एवढी भेग!

धड आतून रुंद करा. स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) जाड तुकडा मोजून कापा आणि पंखाच्या रेषेत धडाच्या दोन भिंतींमध्ये आडवा बसवा. तो किंचित लांब ठेवून थोडा थोडा घासत आणा, मुळाची कड पंखाला टेकेल तिथे थांबा. तरी फट उरली तर ०.२५ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी सरकवून सिमेंट लावा आणि सुकल्यावर वरचा भाग कापून टाका. हा सांधा खऱ्या विमानावरही रेघ म्हणून दिसतो, त्यामुळे तो पूर्ण बुजवायचा नाही. पट्टी समपातळीत आणल्यावर जाड लेबल टेप कडेला लावा आणि सुईने रेघ परत ओढा, पहिल्या दोन-तीन वेळा जवळजवळ वजन न देता.