जोडीदाराच्या आधीच्या नात्याचा परिणाम आताच्या नात्यावर होतो का?

तुम्ही लिहिलंय, की त्याचं आधीचं नातं संपून तीन वर्षं झाली, पण लहानसा वाद झाला तरी तो दोन-दोन दिवस बोलत नाही. हा त्या नात्याचा परिणाम असेल का? असू शकतो. अशी गप्प होणारी मी होते, म्हणून सांगते.

आधीच्या नात्यात मी मन मोकळं करून जे सांगायचे, ते पुढच्या भांडणात माझ्यावरच उलटायचं. शेवटी मी बोलणंच सोडलं. ते नातं संपलं, तो माणूस फारसा आठवेनासाही झाला, सवय मात्र राहिली. नव्या जोडीदाराने साधं "काय झालं?" विचारलं तरी मला ती उलटतपासणी वाटायची.

त्याची बाजू मला वर्षभराने कळली. त्याची आधीची मैत्रीण अशीच हळूहळू अबोल होत गेली आणि एक दिवस सोडून गेली. त्यामुळे गप्प राहिलं की मला सुरक्षित वाटायचं आणि त्याला वाटायचं, हीसुद्धा निघाली. तो आणखी विचारायचा, मी आणखी मिटून घ्यायचे. त्या दोन दिवसांत तुमच्या मनात काय काय येतं, तेही एकदा बघा. कदाचित त्यातलं सगळं त्याच्यामुळे आलेलं नसेल.

सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली मांडलं, की लहान मूल आईवडिलांशी जसं जोडलेलं असतं, कुणी निर्धास्त, कुणी सतत धास्तावलेलं, कुणी अंतर राखून, तशाच तऱ्हा मोठेपणी प्रेमातही दिसतात. पुढच्या चांगल्या अनुभवांनी त्या बदलूही शकतात. हे वाचून मला फार धीर आला, कारण तोवर मी हा माझा स्वभावच धरून चालले होते.

आम्ही एकच गोष्ट ठरवली. बोलवत नसेल तर "आत्ता नको, रात्री बोलू" एवढं म्हणायचं, आणि रात्री विषय गप्प राहिलेल्यानेच काढायचा. हा दुसरा भाग मला महिनोन्‌महिने जड गेला. तुमच्या बाबतीत तो विषयाकडे कधी वळतच नसेल, किंवा तुम्हाला नमवायलाच अबोला धरत असेल, तर मात्र जुन्या जखमेच्या नावाखाली ते सोसू नका. समुपदेशकाकडे चल, असं स्पष्ट सांगा.

आणि त्याच्या आधीच्या मैत्रिणीबद्दल खोदून विचारू नका. ती कशी होती हे कळून तुमच्या हाती काही लागणार नाही. "वाद झाला की तुला कशाची भीती वाटते?" एवढंच विचारा, तेही वाद नसताना.