साडेबत्तीस टक्क्यांत पन्नासच्या पन्नास

प्रश्न : २०१६ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याच्या रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पूर्वनिवडणुकीत) ट्रम्प यांना ३२.५ टक्केच मते पडली. मग पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे राज्याचे सगळे ५० प्रतिनिधी त्यांनाच कसे?

उत्तर : तिथला नियमच तसा. राज्यात पहिल्या येणाऱ्याला २९ प्रतिनिधी. शिवाय काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सात मतदारसंघांत जो पहिला, त्याला प्रत्येकी ३. ट्रम्प सातही ठिकाणी पहिले आले, म्हणजे २९ अधिक २१. प्रतिस्पर्धी रुबियो आणि क्रूझ यांना प्रत्येकी २२ टक्क्यांवर मते मिळूनही हाती भोपळा! ट्रम्पविरोधी मते फुटलेली असताना दोघांनीही तेव्हा मैदान सोडले नाही, ही आमच्या मते मोठी चूक. फ्लोरिडाचे ९९ प्रतिनिधी तर राज्यात पहिल्या येणाऱ्याला एकगठ्ठाच जायचे. १५ मार्चला रुबियो या घरच्या राज्यात हरले आणि त्याच रात्री बाहेर पडले. अशा राज्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी पैसा ओतू नये. साउथ कॅरोलिनासारखे मतदारसंघनिहाय प्रतिनिधी असतील, तिथे जिंकता येईल असा एखादा मतदारसंघ धरावा.