जी५ वरचा घोडा आणि एफ७ चं घर

खानापूरच्या ताईंचा प्रश्न असा: मुलगी बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना समोरचा चौथ्याच चालीला घोडा जी५ वर आणतो, एफ७ फुटतं आणि राजा पटाच्या मधोमध. चाली पाठ केल्या तरी तेच होतंय.

ताई, पट मांडूनच वाचा. मोहऱ्याचं नाव नसेल तिथं प्यादं समजा, ‘गुणिले’ म्हणजे मारणं, आणि आकड्यापुढं तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५. हा घोडा तिथं सुखानं कसा बसतो? काळ्याच्या एफ६ वरच्या घोड्यानं स्वतःच्याच वजिराची वाट अडवलीय. तिसऱ्या चालीला उंट सी५ खेळली असती तर जी५ वरचा घोडा वजिरानं फुकट खाल्ला असता. तिला एवढं समजलं तरी अर्धी भीती जाते.

एफ७ ला राखण एकट्या राजाची, मारणारे दोघं. म्हणून ४... डी५, उंटाची वाट बंद. ५. ई गुणिले डी५. इथं पोरं डोळे झाकून घोड्यानं प्यादं मारतात, कारण हिशेब बरोबरीचा दिसतो. मग ६. घोडा गुणिले एफ७! राजा घोडा खातो, ७. वजीर एफ३ शह. डी५ वरचा घोडा सी४ च्या उंटामुळं राजासमोर बांधला गेलाय आणि त्यावर वजिराचाही डोळा. राजा जी८ ला पळाला तर ८. उंट गुणिले डी५ शह, वजीर गुणिले डी५, ९. वजीर गुणिले डी५ शह, उंट ई६, १०. वजीर गुणिले ई६, मात. म्हणून राजाला ई६ वर यावंच लागतं, आणि ८. घोडा सी३ नं डी५ वर तिसरा मारेकरी येतो. संगणकाचं इंजिन इथंही तग धरून दाखवेल. दहा मिनिटांच्या झटपट डावात शाळकरी मुलीकडून ती अपेक्षा नको. १६०० च्या आसपास इटलीच्या पोलेरिओनंही हाच हल्ला केला होता, तेव्हा सापळा काही नवा नाही.

तिला शिकवा ५... घोडा ए५. उंटावर हल्ला, त्याला कर्ण सोडावा लागतो. ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी गुणिले सी६, बी गुणिले सी६. प्यादं गेलं, हो. पण आता उंटालाही हलायचंय आणि पुढं एच६ नं जी५ च्या घोड्यालाही हाकलता येतं. उंट ई२ वर गेला तर ८... एच६ ९. घोडा एफ३, ई४, पुन्हा घोड्याची पळापळ. जुना जगज्जेता स्टाइनिट्झनं वापरलेली ९. घोडा एच३ अमेरिकेच्या फिशरनं १९६३ मध्ये पुन्हा काढली, पण आपल्याकडच्या स्पर्धांत ती क्वचितच दिसेल. काळ्याचं दुखणं एकच: ए५ वरचा घोडा कडेला पडून राहतो. मोहरी बाहेर काढण्यात ढिलाई केली तर शेवटी ते प्यादंच नडतं.

म्हणून बी गुणिले सी६ नंतरची स्थिती मांडून तिला दोन्ही बाजूंनी खेळू दे, तुम्ही समोर बसा. पांढऱ्यांकडून खेळली की प्यादं राखणं किती जिकिरीचं ते तिला कळेल. उन्हाळ्यात बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीला स्पर्धेला नेलंत तर तिथं पांढऱ्यांकडून हाच डाव तयार करून आलेली मुलं भेटतील; तोवर एवढं बसलेलं असू दे.

आणि कुणी ४... उंट सी५, ती त्राक्स्लरची चाल, सुचवली तर सध्या ऐकू नका. त्यात काळा स्वतःच एफ७ सोडून देतो. बघायला मजा येते, पण ५. उंट गुणिले एफ७ शह खेळून पांढरा निवांत बसला की मुलीची पंचाईत.