गावात जुलाबाची साथ आली तर जबाबदारी कुणाची, ग्रामपंचायतीची की आरोग्य केंद्राची?

तुमचा प्रश्न असा : चार दिवसांत गावात अकरा जणांना उलट्या-जुलाब झाले, ग्रामपंचायत म्हणते पाण्याचा नमुना 'पिण्यास योग्य' आला, आरोग्य केंद्र म्हणतं पाणी आमच्याकडे नाही. तक्रार कुणाकडे करायची?

जबाबदारीचं आधी उरकतो. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) विकत घेणं, पाण्यात टाकणं, पाइप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणं ही ग्रामपंचायतीची कामं. घरोघरी सर्वेक्षण, उपचार, पाण्याच्या तपासणीवर लक्ष, साथ तालुक्याला कळवणं ही आरोग्य खात्याची. दोघंही अर्धं खरं सांगतात आणि उरलेल्या अर्ध्याआड लपतात.

मला लिहायला बसवलं ते 'पिण्यास योग्य' या दोन शब्दांनी. नमुना कधी घेतला आणि कुठून घेतला, हे विचारलंत का?

नेहमीचा क्रम बघा. संध्याकाळी आशाताईंकडून रुग्णांची बातमी येते. रात्रीच शिपाई विहिरीत दोन किलो पावडर ओततो, मोजमाप काही नाही. सकाळी आरोग्य सेवक येतो आणि विहिरीतूनच बाटली भरतो. अहवाल चांगलाच येणार! त्या बाटलीत आधीपासून सोडियम थायोसल्फेट असतं, ते वाटेत क्लोरीनला निकामी करतं, म्हणजे जिवंत जंतू प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोचतात. पण रात्रीच मेलेले जंतू ते उठवून बसवत नाही. मग तो कागद घेऊन सगळे म्हणतात, पाण्याचा दोष नाही, लग्नाच्या जेवणाचा असेल.

अशाच एका गावात रुग्णांची घरं नकाशावर मांडली तर सगळी एकाच लाइनवर, चौकातल्या व्हॉल्व्हच्या पुढची. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराला लागून, झाकण फुटलेलं, आत गुडघाभर काळं पाणी. पाणी रोज तासभर सुटायचं. पाणी बंद झालं की रिकाम्या होत जाणाऱ्या पाइपात ओढ तयार होते आणि ढिल्या सांध्यातून खड्ड्यातलं पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन हंड्यांत तेच घरात. विहीर बिचारी स्वच्छ होती. विहिरीत कितीही पावडर टाकली तरी हे थांबत नाही, कारण नळापर्यंत पोचेतो क्लोरीन उरत नाही.

म्हणून पावडर टाकण्याआधी नमुने, हा हट्ट धरा. विहीर, टाकी आणि रुग्णाच्या घरचा नळ, निदान तीन. एरवी नळाचं तोंड पुसून, जाळून, दोन मिनिटं पाणी सोडून मग बाटली भरतात. गळतीचा संशय असेल तर पाणी सुटल्याबरोबरचा एक नमुना वेगळा घ्यायला लावा. बाटली विसळायची नाही, विसळली तर थायोसल्फेट गेलं. नमुने बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत.

आता पावडरीचं. 'टाकली की झालं' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785, एवढे लिटर पाणी. व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर, तर 37,680 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरली तर साधारण 190 ग्रॅम. श्रावणात त्याच विहिरीत 7 मीटर पाणी येतं, तेव्हा 440 ग्रॅम लागते. शिपाई मात्र बाराही महिने तोच एक डबा मोजतो. शिवाय हा हिशेब 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. ओलसर खोलीत तोंड उघडं पडलेलं पोतं 20 टक्क्यांखाली गेलं की ती पावडर वापरूच नये.

टाकायची पद्धत : बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही. थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो, तो विहिरीत जाऊ द्यायचा नाही. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओता, ती विहिरीत सोडून दोर खालीवर हलवा. तासभर कुणी पाणी भरू नये.

नंतर ओ.टी., म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का ते ऑर्थोटोलिडीन या औषधाने बघायची तपासणी, तीही शेवटच्या नळावर. पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचा, उशिरा चढणारा रंग फसवा असतो. निदान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन हवं, साथीत 0.5. तपासलेलं पाणी फेकून द्या, ते औषध विषारी आहे.

तक्रारीचं राहिलं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, प्रत गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, पोच घ्या. 'कारवाई करावी' असं मोघम लिहू नका. चार कागद मागा : टीसीएल साठा नोंदवही, ओ.टी. नोंदवही, पावडरीच्या नमुन्याचा अहवाल आणि पाण्याच्या नमुन्याची तारीख, वेळ, ठिकाण. ओ.टी. वहीत महिनाभर एकाच पेनाने एकाच हातचं 'पॉझिटिव्ह' दिसलं तर समजून जा. पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणात धोका कमी दिसला म्हणून ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड कुणी दाखवलं तर ते सर्वेक्षणाच्या दिवसाचं आहे एवढंच ऐकून घ्या.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतो, आधी तुरटीने निवळा. आणि जुलाबाऐवजी काविळीची साथ असेल तर आजच्या नमुन्यावर फार विसंबू नका. जंतू शिरल्यावर आजार दिसायला दोन ते आठ आठवडे लागू शकतात, तेव्हा महिन्या-दीड महिन्यापूर्वी पाइप कुठे फुटला होता ते विचारा.

लहान मुलाचे डोळे खोल गेले असतील, पिलेलं ओकत असेल किंवा पीतच नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी त्याला दवाखान्यात न्या.